जुन्या टेबल सॉचे गायब भाग: शोधायचे की बनवून घ्यायचे?

सुतारपक्षी_सासवड

नमस्कार मंडळी.

सुतारकाम हा माझा धंदा नाही, रविवारचा उद्योग आहे. आतापर्यंत हातकरवत आणि हातात धरायच्या सर्क्युलर सॉवर भागत होतं. गावाकडची एक लाकडाची वखार बंद झाली, तिथे भंगाराच्या ढिगात बिडाचं एक टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येणारं कापायचं मशीन, पडलेलं दिसलं. भंगारवाला वजनावर नेणारच होता, त्याच भावाने मी उचललं. टेम्पोतून उतरवणाऱ्यांपैकी दोघांनी "हे कशाला?" असं विचारलं. तिसरी विचारणारी घरातच होती.

टेबल साधारण ३० बाय ४० इंच. गंज आहे, खड्डे नाहीत. स्पिंडल (पातं बसतं तो दांडा) १ इंची, हाताने फिरवलं की खरखरतं. पातं १२ इंची चालत असावं. ते जागेवरच राहतं, टेबल वरखाली होतं. कंपनीची पाटी कुणीतरी काढून नेलीय, पायावर ओतकामात "अँड सन्स" एवढीच अक्षरं उरलीत.

आता जे नाही ते. पात्याला बाहेरून दाबणारी चकती, म्हणजे फ्लँज, आणि नट नाही, आतली फ्लँज आहे. फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ ढकलायचं ती आडपट्टी, अख्खी गायब, टेबलाच्या पुढच्या कडेला तिच्या दांडीची भोकं तेवढी शिल्लक. पात्याभोवती बसते ती प्लेट नाही, पंजा आत जाईल एवढी खाच उघडी आहे. टेबल उचलायच्या स्क्रूचं चाक नाही, स्क्रूचं टोक चौकोनी आहे. रायव्हिंग नाईफ (पात्यामागे उभा राहून कापलेली फट मिटू न देणारा पत्रा) आणि वरचं गार्ड कधीकाळी होतं की नाही याचीच शंका आहे. मोटरही नाही.

यातलं काय बाजारात मिळेल, काय लेथवर करून घ्यावं आणि काय घरी जमवता येईल?

शंकेखोर

थोडक्यात, तुम्ही एक टेबल घेतलंय.

सुतारपक्षी_सासवड

बिडाचं, हो.

उद्यमनगरी

भावा, "अँड सन्स"वरून कंपनी शोधणं म्हणजे पाटील आडनावावरून माणूस शोधणं. बटाला, जालंधर, लुधियाना त्या पट्ट्यात लाकूडकामाची मशिनं ओतणारे कारखाने चिक्कार. एकमेकांची बघून केलेली मशिनं, त्यामुळं दिसायला सगळी सख्खी भावंडं आणि भाग मात्र एकाचा दुसऱ्याला बसंल याची खात्री नाही. कंपनीच्या मागं लागू नको. मापं घे आणि बनवून घे.

कोल्हापूरला येणं होत असंल तर शिवाजी उद्यमनगरात ये. ओतकाम, लेथ, मिलिंग, सगळं एका चकरेत. फक्त एकच नग ओतायला कुणी भट्टी लावत नाही, त्यांच्या दुसऱ्या मालाबरोबर तुझा साचा टाकायला सांगावं लागतं. आणि लाकडी पॅटर्न (साचा ज्यावरून करतात तो नमुना) तूच कर, सुतार आहेस न्हवं? बिडासाठी पॅटर्न फुटाला १/८ इंच मोठा धरायचा, थंड होताना आकसतं. जिथं मशीनिंग होणार तिथं आणखी थोडं अंग ठेवायचं.

फणसपोळी

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर टाका. टेबल सॉची फ्लँज मिळणार नाही, पण चाकं, हँडलं, मोटरी, पुल्या पडलेल्या असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट. पट्टा, बेअरिंग, पुली, क्लॅम्प सगळं नवं मिळतं. दुकानदाराला "साधारण एवढं" असं हाताने दाखवू नका, व्हर्नियरने घेतलेलं माप सांगा. नाहीतर तो सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

नागपुरी_ठेचा

इतका विचार कशाला करून राहिले भाऊ? फ्लँज नाही तर दोन जाड वॉशर टाका, नट आवळा, चालू करा. आमच्या इकडे वखारीत असंच चालते.

टर्नरकाका

ठेचाभाऊ, रागावू नका, पण हे कुणी वाचून करू नये म्हणून सविस्तर लिहितो. आयुष्य लेथवर गेलंय.

बाजारातलं वॉशर पत्र्यातून ठोकून काढलेलं असतं. एका बाजूची कड गोल, दुसऱ्या बाजूला बर, आणि भोक सैल. अशा वॉशरने दाबलेलं पातं थोडं तरी तिरकं बसतंच. ४ इंची फ्लँजच्या कडेला ०.०५ मिमी फरक असेल तर १२ इंची पात्याच्या दातावर तो तिप्पट, म्हणजे ०.१५ होतो. काप रुंद येतो, पातं तापतं, भुणभुण आवाज येतो. शिवाय वॉशर लहान असल्यामुळे पात्याला आधार मध्यभागीच मिळतो आणि ते कापताना लवतं.

फ्लँज अशी करून घ्या. व्यास पात्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे १२ इंचीला ४ इंच. तुमची आतली फ्लँज मोजा आणि बाहेरची त्याच व्यासाची करा, लहानमोठी नको. ईएन-८ पोलादाचा गोल बार घ्या. भोक आणि पात्याला टेकणारा चेहरा, दोन्ही एकाच पकडीत टर्न झाले पाहिजेत. चकमधून काढून उलटा लावला की काटकोन गेला. टेकणारा भाग फक्त बाहेरची १०-१२ मिमीची कडी ठेवा, मधला भाग अर्धा मिमी खोल उतरवून घ्या. स्पिंडलवर चावीची खाच असेल तर फ्लँजमध्येही खाच मारा, म्हणजे फ्लँज नटाला बरोबर घेऊन फिरणार नाही.

नटासाठी स्पिंडलच्या आट्यांवर पिच गेज लावा. इंचात ८ आटे आले तर बहुधा व्हिटवर्थ, १० आले तर बीएसएफ, दोन्ही आट्यांची जुनी ब्रिटिश मापं. एक इंचाला अमेरिकन यूएनसीतही ८ च आटे असतात, पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०. नट चढेल, धरणार मात्र फक्त रेषेवर. आणि आटे उजवे की डावे ते आधी बघा.

सुतारपक्षी, पुढे उभं राहिल्यावर नट पात्याच्या कोणत्या हाताला येतो?

सुतारपक्षी_सासवड

काका, खूप आभार. नट डाव्या हाताला येतो. गेज शेजारच्या गॅरेजमधून आणला, ८ भरले.

टर्नरकाका

मग डावे आटे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने आवळणारे, असणार. पात्याचा वरचा भाग आपल्याकडे येतो. नटाच्या बाजूने पाहिलं तर तुमचं पातं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. नट नेहमी त्याच्या उलट फिरवल्यावर आवळला गेला पाहिजे, नाहीतर चालू-बंद करताना सैल होत जातो. १ इंची डावा व्हिटवर्थ नट दुकानात शोधत बसू नका. षटकोनी बार घ्या आणि फ्लँज करणाऱ्याकडूनच आटे पाडून घ्या. स्पिंडल बरोबर घेऊन जा, कागदावरचं माप नेऊ नका.

शंकेखोर

काकांचं सगळं मान्य. तरी माझा प्रश्न वेगळा आहे. एवढं करून जे उभं राहील ते ४० वर्षांपूर्वीचं, गार्ड नसलेलं मशीन असेल. तेवढ्या पैशात आणि वेळात नवीन १० इंची टेबल सॉ येतो. फेन्स, गार्ड, रायव्हिंग नाईफ सगळं खोक्यात. हौस म्हणून ठीक, पण "स्वस्तात पडलं" असं स्वतःला सांगू नका.

अवंती_क

शंकेखोर, नवा लहान सॉ मी वापरलाय. ब्रशवाली मोटर, ॲल्युमिनियमचं टेबल, आणि दोन इंची सागवान घातलं की त्याचा आवाज ऐकून शेजारी विचारायला येतात. प्लायसाठी उत्तम. जाड लाकडाला बिडाचं वजन आणि पट्ट्यावरची मोटर लागतेच. दोन्हींची तुलना करायला नको.

लाकूडतोड्या

मी काय म्हणतो, हातातला सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवायचा, बटण टेपने दाबून ठेवायचं. झालं टेबल सॉ. व्हिडिओत बघितलंय.

टर्नरकाका

टेपने??

अवंती_क

व्हिडिओत पुढचा भाग दाखवत नाहीत.

विजेचा_खेळ

मोटरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१२ इंची पात्याला ३ एचपी घ्या. घरी थ्री फेज नसेल तर सिंगल फेज ३ एचपीही मिळते, पण सुरू होताना करंट बराच ओढते, त्यामुळे वायर आणि एमसीबी त्या हिशेबाने. २८८० आरपीएमची मोटर घ्या. समजा स्पिंडलची पुली ३ इंची आहे, मोटरवर ४ इंची लावली तर स्पिंडलला ३८४० मिळतात. १२ इंची पात्याचा दात तेव्हा सेकंदाला ६० मीटरच्या आसपास धावतो, लाकडाला छान. जुनी १४४० ची मोटर स्वस्तात मिळते म्हणून त्याच पुल्यांवर लावली तर १९२० च मिळतील, लाकूड जळेल आणि दोष पात्याला जाईल. पात्यावर कमाल आरपीएम लिहिलेलं असतं, त्याच्या वर मात्र अजिबात जायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. वखारीतून आलेल्या मशिनांवर लोखंडी पेटीतला खटक्याचा मेन स्विच असतो. तसला लावू नका. नो व्होल्ट कॉइलवाला डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) स्टार्टर लावा. कापता कापता लाईट जाते, आपण वैतागून चहाला जातो, स्विच चालूच राहतो. लाईट आली की खटक्यावरचं मशीन आपोआप फिरायला लागतं, आणि तेव्हा टेबलावर कुणाचा हात असेल सांगता येत नाही. स्टार्टरची कॉइल वीज गेल्याबरोबर सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून घ्या.

फणसपोळी

आमच्याकडे लाईट गेली की सगळी बटणं बंद करत फिरायची शिस्त आजोबांनी लावली होती. तेव्हा वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

नागपुरी_ठेचा

विदर्भात ही शिस्त उन्हाळ्यात आपोआप लागते.

बाकी काका, वॉशरचं पटलं. आमच्या वखारीतलं पातं भुणभुणते खरं.

क्लीव्हलँडकर

इथल्या, अमेरिकेतल्या, अनुभवाची भर घालतो. माझ्याकडे एका घराच्या सामान-विक्रीत घेतलेला जुना क्राफ्ट्समन १० इंची आहे. मॉडेल नंबर ११३ ने सुरू होतो, म्हणजे सिअर्सने विकलेला पण एमर्सन इलेक्ट्रिकने बनवलेला. हे कळलं की अर्धी लढाई संपते, कारण त्याच्या मॅन्युअलमधली सुट्या भागांची आकृती व्हिंटेज मशिनरीच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेली आहे. जुने सॉ मोडून त्यांचे भाग सुटे विकणारेही भरपूर.

माझ्या सॉची मूळ फेन्स हरवली होती, त्याचं मला दुःख नाही. ती पुढून आवळली की मागून सरकायची. त्याऐवजी मी टी आकाराची फेन्स केली, बीसमायर पद्धतीची. पुढच्या कडेला एक जाड अँगल, त्यावर सरकणारा आडवा भाग, आणि त्याला काटकोनात लांब चौकोनी पाइप. फक्त पुढेच आवळायची, मागे नुसती टेबलावर टेकते. सुतारपक्षी, तुमच्या टेबलाच्या पुढे भोकं आहेतच, त्यावर अँगल बसेल.

सुतारपक्षी_सासवड

हे जमेल असं वाटतं. ५० बाय ५० चा एमएस पाइप ३ मिमी जाडीचा बघितलाय. फॅब्रिकेटर म्हणाला वेल्डिंग करून देतो.

उद्यमनगरी

वेल्डिंगनं पाइप ओढला जातोय ते ध्यानात ठेव. आधी चार टाके मारायला सांग, गुण्या लाव, मग एकदा ह्या बाजूला थोडं, एकदा त्या बाजूला थोडं. सलग शिवण मारली की केळं झालंच. आणि पाइप सरळ मिळंल असं समजू नको. पाइपाच्या दोन्ही अंगांना १८ मिमी प्लाय नाहीतर एमडीएफ लाव, स्क्रूमागं कागदाच्या चकत्या घालून ते सरळ करून घे. पाइप फक्त कणा.

चितारआळी

मी सावंतवाडीची. घरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळण्यांचं काम. आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही, मिळेल ते लाकूड कापतो, त्यामुळे टेबल सॉशी रोजची गाठ.

क्लीव्हलँडकरांच्या फेन्सबद्दल एक वेगळं मत. ती प्लाय आणि बोर्डासाठी छान. पण सागवान, आंबा, फणस यांच्या अख्ख्या फळीत ताण असतो. कापल्यावर दोन भाग एकमेकांकडे वळतात किंवा फाकतात. फाकलेला भाग लांब फेन्सला धडकतो, लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर दाबलं जातं आणि उलटं येतं. युरोपातल्या मशिनांवर यासाठीच फेन्स पुढे-मागे सरकवून आखूड करता येते, पात्याच्या दातांच्या थोडं पुढे गेली की संपते. आपण पाइपाला लावलेल्या प्लायवर एक आखूड फळी वेगळी आवळायची. फळी कापायची असेल तेव्हा लावा, प्लाय कापताना काढा.

क्लीव्हलँडकर

चितारआळी, मान्य करायला जड जातंय, कारण इथे सगळे लांब फेन्सच वापरतात. माझं म्हणणं असं की रायव्हिंग नाईफ असेल तर लांब फेन्सने बिघडत नाही. लाकूड मिटलं तरी पात्याला चिकटत नाही.

चितारआळी

नाईफ असेल तर. आपल्याकडच्या किती मशिनांवर पाहिलाय तुम्ही? आणि नाईफ दोन भागांना मिटू देत नाही. फाकणारी फळी फेन्सवर रेटते, त्याला तो काय करणार?

क्लीव्हलँडकर

ठीक, त्या फळीपुरतं तुमचं बरोबर. प्लायपुरतं माझं.

शंकेखोर

आंतरजालावर दोन माणसं एकमेकांशी सहमत झाली. तारीख लिहून ठेवा.

परतीच्या_वाटेवर

विषयाला थोडा फाटा देतो, माफ करा. पुढच्या वर्षी अमेरिकेतून पुण्याला परत येतोय. कंटेनरमध्ये माझा टेबल सॉ टाकावा का? इंडक्शन मोटर, ११५ व्होल्ट.

विजेचा_खेळ

सॉ आणा, मोटर तिथेच विका. तिथली ६० हर्ट्झची ३४५० आरपीएमची मोटर इथल्या ५० हर्ट्झवर २८७५ ने फिरेल. नुसतं हळू फिरणं चाललं असतं, पण ट्रान्सफॉर्मरने ११५ व्होल्ट दिले तरी ती जास्त तापेल. वारंवारिता कमी झाली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावं लागतं, म्हणजे ९६ च्या आसपास. एवढं करण्यापेक्षा इथली २८८० ची मोटर लावा आणि गरजेप्रमाणे पुली बदला. ब्रशवाली मोटर असती तर हर्ट्झची चिंता नव्हती, दणकट ट्रान्सफॉर्मरवर भागलं असतं.

अवंती_क

आणि पाती तिथूनच भरपूर आणा. अमेरिकन १० इंची पात्याचं भोक ५/८ इंच, इथे मिळणाऱ्यांचं बहुतेक २५.४ किंवा ३० मिमी. मोठ्या भोकाला लहान करणारी रिंग मिळते, पण ती पात्याच्या जाडीपेक्षा जाड नको, नाहीतर फ्लँज रिंगवर दाबते आणि पातं मोकळं राहतं.

लाकूडतोड्या

मूळ मुद्द्याकडे येऊ. प्लेटचं काय? पात्याभोवतीच्या खाचेत १२ मिमी प्लाय कापून ठोकून द्यायचा, बरोबर ना? यात तरी टेप नाहीये.

फणसपोळी

चालेल, पण प्लाय पावसाळ्यात फुगतो आणि खाचेत अडकून बसतो. हायलम शीट (पॅनेलमध्ये वापरतात तो कडक बेकेलाइटसारखा पत्रा) वापरा. इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे तुकडे मिळतात. फुगत नाही, घासून आकार देता येतो, लाकूड त्यावर सरकतंही छान. खाचेच्या कडेला टेकायला जागा कमी असेल तर चार कोपऱ्यांत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) टाकून उंची जुळवा. प्लेट पुढच्या बाजूला टेबलापेक्षा केसभर खाली आणि मागच्या बाजूला मात्र खाली नको, एवढं पाहा.

अवंती_क

आणि फट आधी कापू नका. तुमचं टेबल वरखाली होतं ना? प्लेट बसवा, वर एक आडवी फळी दोन क्लॅम्पनी घट्ट आवळा, पातं फिरत असताना टेबल हळूहळू खाली आणा. पातं स्वतःची फट स्वतः पाडेल, नेमकी तेवढीच. टेबल सगळ्यात वर असतानाही १२ इंची पातं प्लेटला खालून लागत असेल तर पहिली खाच १० इंची पात्याने पाडून घ्या.

टर्नरकाका

टेबल वरखाली होतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावर लिहायचं राहिलं. सुतारपक्षी, तुमचं काम सोपं आहे. ज्या मशिनात पातं वरखाली होतं त्यात रायव्हिंग नाईफही पात्याबरोबर हलला पाहिजे, आणि ते जमवणं किचकट. तुमचं पातं आणि स्पिंडल सांगाड्याला स्थिर. नाईफ सांगाड्यालाच एका ब्रॅकेटवर बोल्ट करा, पात्याशी अंतर कायम तेवढंच राहणार.

जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी. समजा दात ३.२ मिमी कापतो आणि पात्याचं अंग २.२ आहे, तर १२ गेजचा पत्रा, म्हणजे साधारण २.६ मिमी, बरोबर मध्ये बसतो. दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी, पात्याची गोलाई धरून. उंची पात्याच्या टोकापेक्षा जराशी कमी, म्हणजे लाकडात आरपार न जाणारी खाच पाडतानाही काढावा लागत नाही. ब्रॅकेटच्या भोकांना लांबट खाचा ठेवा, पुढे-मागे जुळवता येतं.

सुतारपक्षी_सासवड

काका, हे वाचून लगेच खाली जाऊन पाहिलं. स्पिंडलच्या बेअरिंग हाउसिंगमागे सांगाड्यावर दोन आटेवाली भोकं आहेत, ग्रीसने भरलेली. नाईफ तिथेच असणार!

शंकेखोर

म्हणजे मूळ कारखान्याने दिला होता आणि वखारवाल्याने पहिल्याच दिवशी काढून टाकला. त्याच दिवशी गार्डही गेलं असणार.

उद्यमनगरी

आमच्याकडं गार्ड काढायला सगळ्यात आधी सांगणारा मिस्त्री होता, "दिसत न्हाई लेका कापताना." त्याला सलाम ठोकताना दोन बोटं कमी पडायची. तरी मत बदललं न्हाई.

चितारआळी

गार्ड दिसायला अडतं म्हणूनच काढतात, हे खरं. पारदर्शक करा. पॉलिकार्बोनेटचा पत्रा घ्या, ॲक्रिलिक नको, ॲक्रिलिक फुटून उडतं. वरून लोंबणाऱ्या दांडीला लावा म्हणजे फेन्सच्या आड येत नाही. बारीक पट्ट्या कापताना वर उचलावं लागतं, तेव्हा हात जवळ न्यायचाच नाही, ढकलकाठी वापरायची. मी दर वेळी टाकाऊ तुकड्यातून नवीन काढते, कारण चांगली काठी कापली जाईल या काळजीने माणूस हात पुढे घालतो.

नागपुरी_ठेचा

चाकाचं कुणी सांगतलं नाही. चौकोनी टोक आहे म्हणता ना? पाण्याच्या जुन्या गेट व्हॉल्व्हचं चाक बघा. त्याचं भोक चौकोनीच असते. कानशीने घासून बसवा, मागून बोल्ट आणि वॉशर. हो काका, इथं वॉशर चालते. चाक हाताने फिरते, मिनिटाला चार हजार फेरे नाही मारत.

टर्नरकाका

इथे चालतं :) माझाही नियम तोच. पात्याबरोबर फिरतं ते सगळं लेथवर, बाकीचं तुमच्या अकलेवर.

चितारआळी

काका, फेन्सही फिरत नाही. पण वाकडी फेन्स लाकूड उलटं फेकते. तुमच्या नियमात ती "बाकीचं"मध्ये गेली.

टर्नरकाका

खरं आहे. फेन्सला डायल गेज लावा मग. नसेल तर पात्यावरच्या एका दाताला खूण करा. तो दात पुढे आणून फेन्सपर्यंत मोजा, तोच दात मागे नेऊन परत मोजा. दोन्ही मापं सारखी यावीत. मागचं अंतर कागदाच्या जाडीएवढं जास्त असलं तर चालेल, कमी असलेलं मात्र चालणार नाही.

मी_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. टेबलावरचा गंज कशाने काढायचा? लोक रॉकेल म्हणतात, पण रॉकेल आहे कुठे?

फणसपोळी

डिझेल आणि बारीक वॉटर पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. ग्राइंडर लावू नका, खळगे पडतात. नंतर कोरडं पुसून फरशीचं मेण. तेल लावलंत तर लाकडाला डाग पडतील आणि पॉलिश धरणार नाही.

सुतारपक्षी_सासवड

मंडळी, थोडी प्रगती सांगतो.

बेअरिंग ६२०५ निघाली. दोन्ही बदलली, रबर सीलवाली २ आरएस घेतली, म्हणजे भुसा आत जाणार नाही. ती मोटर-रिवाइंडिंगवाल्याकडेच मिळाली, आता स्पिंडल एका बोटाने फिरतं. फ्लँज आणि डावा नट भोसरीत एका टर्नरने काकांचं वर्णन फोनवर वाचून केला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हे लिहिणारा कुठे काम करतो?" प्लेट हायलमची कापून ठेवलीय, फट पाडायची बाकी. व्हॉल्व्हचं चाक जुन्या बाजारात मिळालं. मोटर ३ एचपी सिंगल फेज, स्टार्टरसकट.

फेन्स अडलीय. फॅब्रिकेटरने टाके न मारता सलग शिवण मारली, केळं झालं. दुसरा पाइप आणलाय, या वेळी समोर उभा राहणार.

एक प्रश्न उरलाय. टेबलात १९ मिमी रुंदीची एक खाच आहे, आडवं कापायच्या गेजसाठी. त्यात सरकणारी पट्टी १९ ची कुठे मिळेल? दुकानात २० ची आहे.

उद्यमनगरी

१९ म्हणजे पाऊण इंच. २० ची ब्राइट पट्टी घे आणि फ्लँज करणाऱ्याकडं मिलिंग असंल तर एका अंगानं घासून घे. व्हर्नियरनं खाच तीन ठिकाणी मोज, जुन्या मशिनात मधोमध झिजलेली असत्या. सगळ्यात अरुंद जागेच्या मापाला पट्टी कर.

अवंती_क

किंवा चांगल्या वाळलेल्या सागवानाची पट्टी करा. दर पावसाळ्यात रंध्याचा एक हात मारावा लागेल, तेवढंच. आणि गेज लावण्याआधी ती खाच पात्याला समांतर आहे का बघा. दाताची खूण करायची काकांची रीत इथेही चालते. नसेल तर टेबलाचे बोल्ट ढिले करून टेबलच फिरवून घ्यावं लागेल. फेन्स त्यानंतर जुळवा, आधी नको.

सुतारपक्षी_सासवड

बोल्ट गंजून बसलेत. डिझेल सोडून ठेवतो रात्रभर. चार बोल्ट आहेत, पाना कुठलाच नीट बसत नाही, १९ चा सैल होतो आणि १८ चा जात नाही.

टर्नरकाका

व्हिटवर्थचे बोल्ट असणार. मिलिमीटरचा पाना लावून डोकी गोल करू नका. बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) लिहिलेला पाना मागा. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नसतो. जुन्या बाजारात ढिगाने पडलेले असतात, कुणी घेत नाही म्हणून स्वस्त.